अर्धी चिप, अख्खा खेळ

एप्रिल १९८२मध्ये इंग्लंडात एक छोटा घरगुती संगणक बाजारात आला. त्यात अर्ध्या बिघडलेल्या चिपा होत्या, आणि कंपनीने त्या जाणूनबुजून विकत घेतल्या होत्या. संगणकाचं नाव झेडएक्स स्पेक्ट्रम, कंपनी सिंक्लेअर. ४८ किलोबाइट मेमरीच्या मॉडेलची किंमत १७५ पौंडांत बसवायची होती आणि महाग होती ती मेमरीच. ६४ किलोबिटच्या चिपा तेव्हा नुकत्या निघू लागल्या होत्या. कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या बऱ्याच चिपांचा एक अर्धा भाग ठणठणीत असे आणि दुसऱ्या अर्ध्यात कुठेतरी एखादा दोष असे. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स असा माल फेकून न देता त्यावर ३२ किलोबिटचा क्रमांक छापून स्वस्तात विकत असे. सिंक्लेअरने तो उचलला. एका यंत्रात अशा आठ चिपा, आणि बोर्डावर तारेचा एक बारीक तुकडा, कुठला अर्धा भाग वापरायचा ते ठरवण्यासाठी.

ज्या यंत्रावर लाखो मुलं खेळली, प्रोग्रामिंग शिकली, त्याची दोन तृतीयांश मेमरी नापास मालाची होती. जुन्या खेळांच्या नादाला लागलेल्या माणसाला पहिला झटका बसतो तो इथे.

मी बंगळूरच्या राजाजीनगरात राहतो, त्यामुळे ही भानगड मला पत्त्यावरून समजली. राजगोपालाचारींच्या नावाची ही वस्ती कागदावर आखून मग वसवलेली. मोठे ब्लॉक, आणि ब्लॉकांत उभे-आडवे रस्ते, म्हणजे मेन आणि क्रॉस. रिक्षावाल्याला घराचं नाव सांगून काही उपयोग नाही. आधी मेन सांगायचा, मग क्रॉस. मेमरीची चिप अशीच आखलेली असते. ६४ किलोबिटच्या चिपेत २५६ ओळी आणि २५६ स्तंभ, म्हणजे ६५,५३६ घरं, आणि प्रत्येक घरात एक शून्य किंवा एक. पत्ताही दोन हप्त्यांत येतो. आधी ओळ, मग त्याच आठ पिनांवरून स्तंभ. अशा चिपेच्या अर्ध्या भागात एक घर पडकं निघालं, तर त्यापायी अख्खा ब्लॉक पाडायचा कशाला? त्या बाजूला पत्रच पाठवायचं नाही, म्हणजे झालं. तारेचा तो तुकडा हेच काम करत होता.

याहून अजब गोष्ट अशी की या घरांतले दिवे आपोआप विझतात. प्रत्येक घर म्हणजे एक ट्रान्झिस्टर आणि एक अतिसूक्ष्म कॅपॅसिटर. आयबीएमच्या रॉबर्ट डेनार्डला १९६८मध्ये या रचनेचं पेटंट मिळालं आणि आजची जवळजवळ सगळी रॅम अजून त्याच रचनेवर चालते. कॅपॅसिटरमधला विद्युतभार गळत राहतो, म्हणून एक-एक ओळ वाचून, पुसट झालेलं पुन्हा ठळक करावं लागतं. स्पेक्ट्रमच्या उरलेल्या १६ किलोबाइट मेमरीसाठी १६ किलोबिटच्या चिपा होत्या, त्यांना ही फेरी दर दोन मिलिसेकंदांनी लागायची. आजच्या संगणकातल्या रॅमला साधारण दर ६४ मिलिसेकंदांनी लागते. हा परिच्छेद तुम्ही वाचलात तेवढ्या वेळात जवळच्या एखाद्या चालू संगणकाने आपली सगळी स्मृती शेकडो वेळा नव्याने लिहून काढली.

ही गस्त घालायला पूर्वी वेगळं सर्किट लागत असे. फेडेरिको फॅगिनच्या झायलॉग कंपनीने १९७६मध्ये झेड-८० प्रोसेसर काढला, त्याने हे काम स्वतःच्या पोटात घेतलं. प्रत्येक सूचना वाचून झाल्यावर ती उमगायला जो क्षणाचा अवधी लागतो, त्यात हा पठ्ठ्या एक ओळ ताजी करून घेतो. स्पेक्ट्रममध्ये तर आणखी काटकसर. पडद्यावरचं चित्र ज्या मेमरीत असतं, ती चित्र दाखवण्यासाठी सतत वाचावीच लागते, आणि वाचण्यातच ती ताजी होते. तिथे वेगळी गस्त नाहीच. फुकटात कामं उरकण्याची ही वृत्ती मला त्या काळच्या अभियंत्यांची सगळ्यात मोठी करामत वाटते. झेड-८० नंतर इतका टिकला की त्याच्या मूळ चालीच्या चिपेच्या शेवटच्या ऑर्डरी झायलॉगने जून २०२४पर्यंत घेतल्या. अठ्ठेचाळीस वर्षं एकच चिप.

या गोष्टीत पुणंही आहे. १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात पुण्याच्या डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने सिंक्लेअरच्या परवान्याने 'डीबी स्पेक्ट्रम प्लस' भारतात आणला. टीव्हीला जोडायचा, शेजारी कॅसेट प्लेअर ठेवायचा, आणि चिरक्या शिट्टीसारखा आवाज ऐकत काही मिनिटं थांबायचं की खेळ मेमरीत उतरतो. आवाजातच प्रोग्राम असे. आखूड लाट म्हणजे शून्य, दुप्पट लांब लाट म्हणजे एक. आज कॅसेट प्लेअर जोडायच्या त्याच भोकात मोबाइलची हेडफोनची वायर घालून खेळ चढवता येतो. यंत्राला फरक कळत नाही. त्याला फक्त लाटांची लांबी मोजायची असते.

तर अशी जुनी यंत्रं, किंवा त्यांची हुबेहूब नक्कल करणारी नवी, घरी मांडायची आणि त्यावर खेळायचं, असा छंद आहे. आणि तो करण्याची वेळ आली ती नेमकी हार्डवेअरच्या टंचाईत.

राजाजीनगरहून ग्रीन लाइन मेट्रोने चिक्कपेटला उतरलं की एस. पी. रोड, म्हणजे सदर पत्रप्पा रोड, चालत जाण्याच्या अंतरावर येतो. बंगळूरचं कॉम्प्युटर हार्डवेअर आजही पुष्कळसं याच रस्त्यावर आणि त्याच्या बोळांत विकलं जातं. वर तारांचं जंजाळ, खाली हातगाड्या, आणि वीतभर दुकानांत छतापर्यंत रचलेली खोकी. (ओरायन मॉल घरापासून जवळ आहे, त्या जागी पूर्वी किर्लोस्कर इलेक्ट्रिकचा कारखाना होता. पण मॉलमध्ये सुटा रेझिस्टर मिळत नाही, तेव्हा आपलं तिथे काम नाही.) २०२५च्या शेवटापासून या रस्त्यावर रॅमचा भाव विचारला की दोनच उत्तरं येतात. एक, 'स्टॉक इल्ला', म्हणजे माल नाही. दुसरं, एक आकडा, आणि वर ताकीद की हा आजचा आहे, उद्याचं उद्या. काही महिन्यांत भाव दुप्पट, कुठे तिप्पट झाले. सोन्याचे भाव चिक्कपेटला नवे नाहीत. पण दागिन्यांच्या दुकानांसारखा रॅमचा 'आजचा दर' विचारावा लागेल, असं या रस्त्यानेही कधी पाहिलं नसेल.

हे का झालं ते कळलं की राग थोडा निवळतो, खिसा मात्र हलका तो हलकाच राहतो. जगातली बहुतेक रॅम तीन कंपन्या बनवतात. सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन. सिलिकॉनची थाळी, म्हणजे वेफर, कारखान्यात शिरल्यापासून चिप होऊन बाहेर पडायला सुमारे तीन महिने लागतात. नवा कारखाना उभा करायचा तर काही वर्षं आणि अब्जावधी डॉलर. शिवाय २०२२-२३मध्ये मालाचा महापूर येऊन भाव कोसळले होते, तिन्ही कंपन्यांनी मोठे तोटे सोसून उत्पादन आवरतं घेतलं होतं. तोंड एकदा पोळलेलं, म्हणून नव्या कारखान्यांच्या बाबतीत त्या ताकही फुंकून पीत होत्या. तेवढ्यात कृत्रिम बुद्धिमत्तेची मागणी आली.

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या यंत्रांना जी मेमरी लागते ती एचबीएम. आठ-आठ, बारा-बारा चिपा एकावर एक रचायच्या आणि त्यांच्यातून आरपार हजारो उभ्या तांब्याच्या तारा काढायच्या. केसापेक्षा बारीक या तारांमुळे माहितीचा लोंढा प्रचंड वेगाने वाहतो. पण तेवढेच बिट साठवायला साध्या रॅमच्या सुमारे तिप्पट वेफर खर्च होतात, असं मायक्रॉननेच सांगितलं आहे. म्हणजे एचबीएमचा एक तुकडा बनला की आपल्या-तुपल्या संगणकाचे तीन तुकडे बनायचे राहिले. ऑक्टोबर २०२५मध्ये ओपनएआयने सॅमसंग आणि हायनिक्सशी बोलणी जाहीर केली, तेव्हा महिन्याला नऊ लाख वेफरपर्यंतचा आकडा सांगितला गेला. ३ डिसेंबर २०२५ला मायक्रॉनने 'क्रुशल' हा किरकोळ ग्राहकांसाठीचा आपला जुना ब्रँड बंद करत असल्याचं जाहीर केलं. घरात संगणक जोडणारा माणूस हा आता त्यांच्या लेखी गिऱ्हाईक नाही.

छंदवाल्यांचा लाडका रास्पबेरी पायही यातून सुटला नाही. तळहातावर मावणारा हा संगणक मुळात स्वस्त म्हणून निघाला. २०२१च्या चिपटंचाईत त्याच्या इतिहासात पहिल्यांदा किंमत वाढली. २ जीबीचा पाय-४ पस्तीस डॉलरवरून पंचेचाळीसवर गेला, आणि पुढची दोन वर्षं तो मिळणंच मुश्किल होतं. डिसेंबर २०२५मध्ये पुन्हा भाववाढ, या वेळी सरळसरळ मेमरीच्या नावाने.

पण जुन्या खेळांच्या बाबतीत टंचाई ही नवी पाहुणी नाही, ती घरचीच आहे. निन्टेंडोचा 'झेल्डा'चा दुसरा भाग जपानात जानेवारी १९८७मध्ये आला. अमेरिकेतल्या पोरांना तो डिसेंबर १९८८मध्ये मिळाला, आणि या उशिरात चिपांच्या तुटवड्याचा मोठा हात होता. ४ जुलै १९९३ला जपानमधल्या निइहामा गावी सुमितोमो केमिकलच्या कारखान्यात स्फोट झाला. तिथे चिपा बनत नव्हत्या. तिथे बनत होती ती राळ, जिच्यापासून चिपांचं काळं कवच तयार होतं, आणि त्या जातीच्या राळेच्या जागतिक पुरवठ्यातला निम्म्याहून मोठा वाटा त्या एका कारखान्याचा होता. झालं, जगभर रॅमचे भाव भडकले. २०११मध्ये थायलंडात पूर आला आणि हार्ड डिस्क महागल्या. आपण ज्याला संगणक म्हणतो तो किती लांबलांबच्या गावांवर टेकलेला असतो, हे एखादं गाव पेटलं किंवा बुडालं की मगच कळतं.

आणि युगोस्लाव्हियाची गोष्ट तर कादंबरीला साजेशी. तिथे परदेशी माल आणण्यावर इतकी कडक मर्यादा होती की घरगुती संगणक उघडपणे आणणं जवळजवळ अशक्य. वोया अँतोनिच नावाच्या अभियंत्याने डोकं लढवलं. महागडी चित्र दाखवणारी चिपच वगळायची आणि चित्र काढण्याचं कामही झेड-८०वरच टाकायचं. त्याचा आराखडा १९८३-८४च्या सुमारास एका मासिकात छापला, संगणकाचं नाव 'गालाक्सिया', आणि हजारो लोकांनी तो घरी बसून जोडला. सॉफ्टवेअर कुठून आणायचं? बेलग्रेड रेडिओवर झोरान मॉडली आपल्या कार्यक्रमात प्रोग्रामचा तो चिरका आवाज सरळ हवेतून प्रक्षेपित करायचा. लोक कॅसेटवर ध्वनिमुद्रित करून घ्यायचे आणि यंत्राला ऐकवायचे. रेडिओवरून सॉफ्टवेअर उतरवणारी ही माणसं वायफायच्या कितीतरी आधीची.

आपल्याकडेही टंचाईच होती, फक्त तिचं रूप वेगळं. १९९५मध्ये शॉ वॉलेसने सेगाचं खेळयंत्र मेगा ड्राइव्ह भारतात आणलं, आयात कराचा ८० टक्क्यांचा फटका चुकवण्याची खटपट करून. तरी त्याची किंमत १८,००० रुपये. त्या काळात कुठल्या मध्यमवर्गीय बापाने हे ऐकून घेतलं असतं? म्हणून गल्लोगल्ली पोचले ते 'समुराई' आणि 'लिटल मास्टर'सारखे निन्टेंडोच्या यंत्राचे देशी-परदेशी अवतार, एका कार्ट्रिजमध्ये लाखभर खेळ असल्याची थाप मारणारे. खेळ असायचे मोजके, तेच पुन्हा वेगळ्या नावाने. मारिओ आणि कॉन्ट्रा मात्र खरे.

या यंत्रांच्या मेमरीचे आकडे आज वाचताना छपाईची चूक वाटते. मारिओचा १९८५चा पहिला खेळ ४० किलोबाइटचा, आणि तो ज्या यंत्रावर चाले त्याची कामाची मेमरी २ किलोबाइट. आकाशातले ढग आणि जमिनीवरची झुडपं हे एकच चित्र, रंग तेवढा बदललेला. हे अनेकांना आता माहीत आहे. मला त्याहून विलक्षण वाटतो तो १९७७चा अटारी २६००. त्याची मेमरी १२८ बाइट. किलोबाइट नव्हे, बाइट. आजच्या युनिकोड पद्धतीने देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह, काना-मात्रासुद्धा, तीन बाइट घेतं. म्हणजे अटारीच्या अख्ख्या मेमरीत मराठीची ४२ चिन्हं बसतील. माझा पत्ता लिहायला घेतला तर ब्लॉकपर्यंत पोचेन, मेन-क्रॉस बाहेर राहतील.

मग चित्र कुठे ठेवायचं? कुठेच नाही. अटारीत पूर्ण चित्र साठवायला जागाच नव्हती, म्हणून प्रोग्रामला टीव्हीच्या किरणाबरोबर धावावं लागे. किरण एक ओळ डावीकडून उजवीकडे रंगवेपर्यंत प्रोसेसरला ७६ ठोके मिळत. तेवढ्यात त्या ओळीत काय दिसायचं ते ठरवायचं, चित्राच्या चिपेला सांगायचं, आणि पुढची ओळ आली. एक ठोका चुकला की चित्र फाटलं. खेळाचे नियम, गुण, आवाज, हे सगळं किरण पडद्याच्या तळाकडून पुन्हा वर जाईपर्यंतच्या उसंतीत उरकायचं. खेळ लिहिणारा माणूस अक्षरशः मायक्रोसेकंदांत विचार करत असे.

आता मांडणीकडे येऊ. सोपा रस्ता एम्युलेटरचा. स्पेक्ट्रमचा झेड-८० सेकंदाला ३५ लाख ठोके टाकायचा. आजचा कुठलाही प्रोसेसर अब्जावधी टाकतो. तेव्हा जुन्या यंत्राची एक-एक सूचना वाचून तिची नक्कल करायला त्याला मुबलक वेळ असतो. यासाठी नवीन रॅमची गरजच नाही. बंगळूरच्या आयटी कंपन्या काही वर्षं वापरून टाकून देतात ते ऑफिसचे छोटे संगणक, जुन्या पिढीच्या डीडीआर-३ रॅमवाले, सेकंडहँड बाजारात सहज मिळतात. डीडीआर-३च्या पट्टीची खाच वेगळ्या जागी असते, ती नव्या बोर्डात बसत नाही, आणि कृत्रिम बुद्धिमत्तेला तर ती नकोच आहे. भाववाढीची थोडी झळ तिलाही लागते, पण भांडण तिच्यासाठी नाही. ४ जीबीचा असला एक डबा अटारीपासून पहिल्या प्लेस्टेशनपर्यंत सगळं आरामात खेळवतो. टंचाईत खरेदी करायचीच तर ज्या मालाकडे कोणाचं लक्ष नाही तो घ्यावा, असं माझं मत. नव्या डीडीआर-५साठी रांगेत उभं राहून जुने खेळ खेळणं हा शुद्ध वेडेपणा आहे.

दुसरा रस्ता एफपीजीए. ही अशी चिप की जिच्यातली जोडणी कारखान्यात कायमची ठरत नाही. फाइल चढवली की आतले लाखो छोटे तर्कघटक नव्याने जोडले जातात. म्हणजे ती झेड-८०ची नक्कल करत नाही, काही वेळापुरती झेड-८०सारखी घडते, सगळी सर्किटं एकाच वेळी चालतात. अॅलेक्सी मेल्निकोव्हने सुरू केलेला 'मिस्टर' हा प्रकल्प टेरासिकच्या डीई-१० नॅनो बोर्डावर हेच करतो. सकाळी स्पेक्ट्रम, दुपारी मेगा ड्राइव्ह. २०२१-२२मध्ये हा बोर्डही दुर्मीळ झाला होता. हात लावून पाहिल्याशिवाय पटणार नाही असा हा प्रकार आहे, पण खर्चिक.

तिसरा रस्ता अस्सल यंत्राचा, आणि तो धोक्याचा. चाळीस वर्षांत कॅपॅसिटरमधला द्रव सुकतो किंवा बाहेर येऊन बोर्ड खातो. स्पेक्ट्रममधल्या १६ किलोबिटच्या चिपांना एकाच वेळी तीन निरनिराळे व्होल्टेज लागतात; त्यातला उणे पाच व्होल्टचा पुरवठा गेला की आठच्या आठ चिपा दगावू शकतात. म्हणून जुनं यंत्र हाती आलं की उत्साहात बटण दाबायचं नाही, आधी मीटर लावायचा. बदली चिपा घेतानाही डोळे उघडे हवेत. वरचा थर घासून त्यावर भलताच क्रमांक छापलेला माल जगभर फिरतो. कापसाला थोडं अॅसिटोन लावून चिपेच्या पाठीवरून फिरवावं. काळा रंग कापसावर उतरला तर माल परत. आणि तारखेचा आकडा वाचावा. ८७२४ म्हणजे १९८७चा चोविसावा आठवडा. जी चिप १९८५मध्येच बंद झाली, तिच्यावर असा आकडा दिसला तर दुकानदाराला नमस्कार करून निघावं. सेकंडहँड रॅम घेतली तर रात्रभर मेमटेस्ट लावून सकाळी निकाल पाहावा. तो प्रोग्राम प्रत्येक मेन-क्रॉसवर जाऊन दार वाजवतो.

हे सगळं पैशाने, वेळेने मिळतं. एक गोष्ट मात्र कुठलाही कारखाना पुन्हा बनवणार नाही, आणि ती म्हणजे चित्रनळीचा जाडजूड टीव्ही.

जुने खेळ सपाट पडद्यावर चौकोनी, रुक्ष दिसतात, कारण ते त्या पडद्यासाठी काढलेलेच नाहीत. चित्रनळीत मागच्या टोकाला तापलेल्या तारेतून इलेक्ट्रॉन निघतात, रंगीत टीव्हीत सुमारे २५,००० व्होल्टने खेचले जातात, आणि चुंबकांनी वाकवलेला हा किरण आतल्या लेपावर ओळी ओढत जातो. आपल्याकडच्या पाल पद्धतीत सेकंदाला १५,६२५ ओळी, म्हणजे एका ओळीला ६४ मायक्रोसेकंद. कुठल्याही एका क्षणी पडद्यावर लख्ख उजळलेला असतो तो एक ठिपका आणि मागे त्याचं विरत जाणारं शेपूट. पूर्ण चित्र कधीच कुठे नसतं; ते आपल्या डोळ्यात जुळतं. चित्रहारचा अख्खा काळ आपण एका पळत्या ठिपक्याकडे पाहत होतो!

खेळ काढणाऱ्यांना हे ठाऊक होतं. १९९१च्या 'सॉनिक'मधला धबधबा खरं तर उभ्या पट्ट्यांचा आहे, एक पट्टी पाण्याची, एक मोकळी. पिवळ्या आरसीए वायरीतून जाताना शेजारचे रंग एकमेकांत मिसळतात आणि पाणी पारदर्शक दिसतं. मेगा ड्राइव्हला पारदर्शकता जमत नव्हती. ती वायरीच्या दोषातून काढून घेतली. सपाट पडद्यावर नुसता गज लावलेला दरवाजा दिसतो.

आणि बदकं मारायची ती बंदूक! १९८४च्या 'डक हंट'ची. बंदूक काहीच सोडत नाही, ती पाहते. घोडा दाबला की क्षणभर पडदा काळा होतो आणि मग बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो. बंदुकीच्या नळीतल्या डोळ्याला आधी काळोख आणि मग उजेड दिसला तर नेम बरोबर. दोन बदकं असतील तर चौकोन एकामागून एक उमटतात आणि उजेड कितव्या फ्रेमला दिसला त्यावरून कुठलं पडलं ते कळतं. आधी काळोख पाहण्याची अट अशासाठी की बंदूक बल्बकडे रोखून कोणी फसवू नये. सपाट टीव्ही चित्र दाखवण्याआधी काही मिलिसेकंद त्यावर प्रक्रिया करत बसतो. तोवर बंदुकीने डोळा मिटलेला असतो. म्हणून ती आज चालत नाही.

टीव्हीच्या या चित्रनळ्या एकेकाळी आपल्या अंगणात बनत. बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने कृष्णधवल टीव्हीच्या नळ्या बनवल्या आणि त्यांच्या काचेसाठी तळोज्याला कारखाना काढला. औरंगाबादेतून वाढलेल्या व्हिडिओकॉनने तर २००५मध्ये फ्रान्सच्या थॉमसनचा चित्रनळ्यांचा पसाराच विकत घेतला, इटली, पोलंड, मेक्सिको, चीनमधल्या कारखान्यांसकट. मराठी मुलखातली एक कंपनी चित्रनळ्यांच्या जगातली बडी आसामी झाली, आणि त्याच सुमारास जगाने चित्रनळ्या घेणं सोडलं. धंद्यातलं टायमिंग म्हणून हे वाईटच, पण त्यामुळे आपल्या घरांच्या माळ्यांवर उत्तम नळ्या पडून आहेत. भंगारवाला त्यांचे फारसे पैसे देत नाही. काचेत शिसं असतं आणि वजन उचलून कंबर मोडते.

तेव्हा माळ्यावर चौदा किंवा एकवीस इंची जुना टीव्ही असेल तर मागे पिवळं आरसीए भोक आहे का ते पाहा. मागचं झाकण मात्र उघडू नका. बंद असतानाही नळीत जोरदार भार साचून राहिलेला असू शकतो. भंगारात देण्याआधी एकदा आसपास विचारा. आणि तो राजाजीनगरात असेल तर उतरवायला माणूस शोधू नका, मी येतो.